चालत्या रेघा

गोंगाटाची पूंगुळलीला कधीच भीती वाटली नव्हती. मशीनच्या स्क्रीनवर शिरलेला परका आवाज म्हणजे लग्नात घुसलेला आगंतुक, असं तिचं म्हणणं. पंगतीला बसला की आपोआप उघडा पडतो. तुवाकुडीच्या बॉयलर कारखान्यात ती वेल्डिंगचे सांधे तपासायची. पोलादात कानाला न ऐकू येणारा आवाज सोडायचा आणि तो आत एखाद्या भेगेवर आपटून परत येतो का, ते स्क्रीनवर पाहायचं.

"चोर पकडायला मला एक कॉफी पुरते," असं ती आयुधपूजेच्या सकाळीही फोरमन मयिलवाहननला सांगून बसली!

त्या दिवशी एकच पाइप उरला होता, आडव्या पाडलेल्या माडाएवढा. दुपारी पूजा. एकदा हत्यारांना चंदन लागलं की दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पाइप त्याआधी पास झाला, तर पूंगुळली संध्याकाळच्या बसने पुदुक्कोट्टैला आईकडे जाणार होती. उद्या विजयादशमी, तिची लेक तिथे तांदळात पहिलं अक्षर गिरवणार होती. पाइप राहिला, तर अक्षर तिकडे उमटणार आणि लेकीची आई इकडे पाइपाशेजारी.

तिने पाइपला जेल फासलं, आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा प्रोब टेकवला आणि स्क्रीनवर रेघा चालू लागल्या.

भेगेची रेघ जागच्या जागी उभी राहते. या मात्र एकामागून एक, देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या बायकांसारख्या, सावकाश पुढे सरकत होत्या. आणि ताल अगदी पक्का.

"ताल आहे, म्हणजे मोटर आहे," तिने निदान केलं.

क्रेन बंद झाली. रेघा चालतच राहिल्या. ग्राइंडर बंद झाले, तरी चालत राहिल्या. वेल्डरांना उठवलं, तेव्हा ते आनंदाने उठले आणि जाऊन फुलं ओवायला बसले.

तेवढ्यात मयिलवाहनन बातमी घेऊन आला की एळुमलैच्या मशीनवरही अशाच रेघा दिसतायत. एळुमलै म्हणजे कारखान्यातला दुसरा तपासनीस. पोंगलच्या दिवशी त्याने सगळ्यांदेखत पूंगुळलीच्या जुनाट मशीनला 'हुंड्यात आलेलं' म्हटलं होतं, तेव्हापासून दोघांचा अबोला होता आणि निरोपांची ने-आण फोरमनकडे. आज तो कुठे बसलाय हे तिने विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं.

बातमी ऐकून तिला मात्र बरं वाटलं. दोन मशीनना एकच त्रास, म्हणजे दोष बाहेरचा. तिचा त्रास ऐकून एळुमलैनेही शब्दशः हेच म्हटल्याचं मयिलवाहननने सांगितलं. इतक्या महिन्यांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं!

मग काय, उत्साह दुणावला. पूजेसाठी सोडलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा विझल्या. लाऊडस्पीकरवरचं नादस्वरम ऐन रंगात गप्प झालं. कँटीनचा ग्राइंडर थांबवला, तेव्हा अर्धवट वाटलेलं खोबरं घेऊन आचारी स्वतः आला.

"अक्का, प्रसादाच्या सुंडलात खोबरं आता कोण घालणार? तुमचं मशीन?"

शेवटी मेन स्विचच पाडला. पंखे गरगरत थांबले. कापूर हातात घेऊन पुजारी ताटकळत उभा होता, आणि त्याच्यामागे घाम पुसत अख्खा कारखाना. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, एवढी शांतता.

बॅटरीवर चालणाऱ्या स्क्रीनवर रेघा चालतच होत्या.

"अजून आहेतच!" पूंगुळली म्हणाली.

"अजून आहेतच!" पाइपाच्या मध्यावर टांगलेल्या ताडपत्रीमागून कुणीतरी म्हणालं.

तिने ताडपत्री बाजूला सारली. पलीकडे, त्याच पाइपाच्या दुसऱ्या टोकाला, पाइपावर प्रोब टेकवून एळुमलै बसला होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग एकमेकांच्या प्रोबकडे. त्याने आपला प्रोब उचलला. तिची स्क्रीन धुतलेल्या पाटीसारखी स्वच्छ झाली. त्याने टेकवला, रेघा पुन्हा निघाल्या प्रदक्षिणेला. सकाळपासून दोघं एकाच पोलादात एकाच वेळी बोलत होते आणि कारखान्याला गप्प बसवत होते.

"अण्णा," तिने फोरमनला हाक मारली, "आम्हाला एकाच पाइपवर बसवलंत?"

"तुमची बस चुकू नये म्हणून, अक्का. दोघं लागलात की अर्ध्या वेळात होईल." मयिलवाहननचा चेहरा पडला होता. "आणि आवाज इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून मधे ताडपत्री बांधली की! दुहेरी बांधली."

पोलाद मात्र ताडपत्रीखालून आरपार गेलं होतं. एळुमलैने आपलं मशीन बंद केलं आणि पोंगलनंतरचं पहिलं वाक्य थेट तिच्याशी बोलला.

"तू आधी कर. तुला बस आहे."

"आणि तुझी बाजू?"

"मंत्र लांबवायला सांगतो त्यांना."

पुजाऱ्याने खरोखरच मंत्र लांबवले. तिचं टोक पास झालं, मग त्याचं. शेवटी दोन्ही मशीन पाटावर शेजारी शेजारी बसली, तेव्हा एळुमलै पुजाऱ्याला म्हणाला की हुंड्यातल्या मशीनला जरा जास्त चंदन लावा, घरचं आहे. पूंगुळली हसली आणि बस गाठायला पळाली.

सकाळी पुदुक्कोट्टैत तांदळाचं ताट मांडलं. लेक तिच्या मांडीवर बसली. पोरीच्या उजव्या कानाशी पूंगुळलीची आई सांगत होती, "अ काढ गं, सरळ अ." डाव्या कानाशी खास यासाठी आलेल्या सासूबाई सांगत होत्या, "आधी गणपतीची खूण, मग अ." दोघी एकाच वेळी, एकाच तालात. पोरीचं बोट गोंधळलं आणि तांदळातून एक वाकडीतिकडी रेघ सावकाश चालू लागली.

पूंगुळलीने ती लगेच ओळखली. कॉफीचीही गरज पडली नाही. पण इथे पाडायला मेन स्विच नव्हता, आणि ताडपत्रीचा उपयोग होत नाही हे तिला कालच कळलं होतं.