उताराला चालत येणारे आप्पा

आप्पा खोत चढाला गाडीत बसतात आणि उताराला चालत येतात. जोतिबाला जाताना खिडकीशी बसून सगळ्या गाडीला भडंग वाटणार, दर्शन झालं की गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारणार, "जावा तुमी," म्हणणार आणि डोंगर पायी उतरायला लागणार. पन्हाळ्यावरच्या एका लग्नाचं वऱ्हाड घरी पोचून सुपारी कातरत बसलं होतं, तेव्हा आप्पा पायथ्यापर्यंत पायी आणि पुढं वडापच्या जीपनं, असे फेट्यासकट गल्लीत शिरले.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं. "चढ माणसाचा, उतार देवाचा. मधी आपण कशाला?"

बरं, हा माणूस भित्रा म्हणावा, तर बत्तीस वर्षं एसटी चालवलेली, तीही घाटात. गाडीला ओरखडा नाही. त्यामुळं गल्लीनं निकाल देऊन टाकला होता की आप्पांचा दुसऱ्याच्या ब्रेकवर भरवसा नाही. या निकालाचा मार एकट्या दत्तूला बसायचा. दत्तू त्यांचा एकुलता मुलगा. सतरा सिटांची गाडी चालवतो, यात्रा नेतो. गिऱ्हाईक भाड्याचं ठरवतानाच विचारायचं, "तुझा बा बसत न्हाय तुझ्या गाडीत, आमी कसं बसायचं रं?"

मी समोरच्या घरात राहते. घाटातल्या वळणांना कठडे बांधा म्हणून पत्रकं काढते, निवेदनं देते, साहेब जागेवर नसतात म्हणून शिपायाकडून पोच घेते. बत्तीस वर्षांच्या ड्रायव्हरची सही मिळाली असती तर निवेदनाला वजन आलं असतं. आप्पांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला. "पत्रकबाई, सही करून दगूड हालतोय व्हय?" मला असल्या माणसांचा संताप येतो. सगळं माहीत असतं आणि तोंड उघडत नाहीत.

गेल्या वर्षी दत्तूनं गल्लीची यात्रा नेपाळला नेली. मुक्तिनाथ. आप्पाही आले, कारण जाताना चढ होता. मधले किरकोळ उतार ते चालले, आम्ही खाली गाडी लावून चहा प्यायलो. पण मुक्तिनाथाहून खाली येणारा रस्ता किरकोळ नव्हता. एका बाजूला ठिसूळ डोंगर, दुसऱ्या बाजूला पार खाली नदी, मध्ये एक गाडी जेमतेम मावेल एवढी वाट, आणि कठडा औषधालाही नाही. चालत यायचं तर दोन दिवस.

दर्शन झालं. पत्र्यावर दोन थापा पडल्या.

"आप्पा, आज तरी बसा की," दत्तू म्हणाला. सगळी गाडी ऐकत होती. "परदेशात तरी माझी लाज ठेवा."

देवळाखालच्या बाजारात डोंगर उतरायच्या सायकली भाड्यानं मिळत होत्या, आप्पा सरळ तिकडं गेले. एकेक सायकल उचलून चाक फिरवलं, ब्रेक दाबला, कान लावला. "पावणं, ह्येचा मागचा ब्रेक रडतोय." दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण ब्रेक रडतोय हे त्याला कळलं. त्यानं आतून चौथी आणली. सहासष्ट वर्षांचे आप्पा गांधी टोपीवर हेल्मेट बांधून उभे राहिले.

गल्लीतल्या मालूकाकी गाडीच्या खिडकीतून माझ्यावर ओरडल्या, "तू जा गं त्येंच्या बरोबर! मोर्चात पुढं असतीस न्हवं?"

गेले. काय करणार?

आप्पा पुढं, मी मागं, आणि पाऊण मैल मागं दत्तूची गाडी. सायकलची घंटी आप्पांना पटली नाही, म्हणून प्रत्येक वळणाला ते तोंडानं हॉर्न देत होते. "पॅंऽऽ पॅंऽऽ!" समोरून येणाऱ्या जीपवाल्याला आधी नुसता आवाज ऐकू यायचा, मग आवाजामागं हेल्मेटखालची टोपी दिसायची, आणि तो बिचारा जागेवर थांबायचा. माझे हात ब्रेक दाबून भरून आले होते, दात खडीवर वाजत होते आणि डोकं वेगळ्याच कारणानं तापलं होतं. तिसऱ्या वळणाला मी सायकल आडवी घातली.

"आप्पा, स्पष्ट बोलते. पोटच्या पोराची इज्जत चारचौघांत काढताय तुम्ही. त्याचं गिऱ्हाईक तुटतंय. कळतंय का?"

"बाजूला हो," आप्पा म्हणाले. माझ्या मागं वाटेत टोपलीएवढा दगड पडला होता. त्यांनी सायकल निजवली, दगड छातीनं ढकलत कडेला नेला आणि दरीत सोडला. बराच वेळ त्याचा आवाज येत राहिला. मग पावलं टाकून वाट मोजली, पायानं कडेची माती चाचपली. भुसभुशीत होती, तिथं पांढऱ्या दगडांची ओळ लावली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागच्या दोन्ही वळणांवरही ते माझ्याआधी पोचून खाली वाकले होते. मला वाटलं होतं, दम खातायत.

"दत्तूचा ब्रेक चांगला हाय," धापा टाकत ते म्हणाले. "हात माझ्यापेक्षा हलका हाय त्येचा. पण उताराला रस्ता त्येच्या हातात हाय व्हय? एकदा घाटात माझ्याम्होरं दरड आलती. चाक कडंला जाऊन थांबलं. बेचाळीस माणसं हुती गाडीत. हातात स्टेरिंग हुतं म्हणून काय तर करता आलं. आता नुस्तं मागं बसून ऱ्हायचं, आणि माझ्या डोळ्याम्होरं पोराचं काय झालं तर?" त्यांनी हेल्मेट सोडून टोपीनं तोंड पुसलं. "त्यापरीस चालल्यालं बरं. आपला घाट त्येच्या वळखीचा हाय, ह्यो रस्ता न्हाय, म्हणून हितं म्होरं. काय असंल ते आधी मला घावंल."

"मग हे त्याला सांगा की!"

"सांगून त्येला भ्या घालू? भ्यालेला डायवर घाटात चालत न्हाय."

पुढचे दगड आम्ही दोघांनी मिळून काढले. सांगायला लाज कसली, आयुष्यात पहिल्यांदाच रस्त्यासाठी मी काहीतरी केलं आणि पोच घेतली नाही.

संध्याकाळी दरीतल्या गावात सायकली परत द्यायच्या होत्या. आप्पांची बोटं मुठीवरून सुटेनात. दिवसभर ब्रेक दाबून ती आकड्यासारखी वळली होती आणि सुजली होती. दत्तू गाडी लावून आला. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. आप्पांनी नको म्हटलं होतं. मला तोंड बंद ठेवणं जमत नाही. दत्तू जाऊन बापाची बोटं एकेक करून सरळ करायला लागला.

सकाळी उरलेला उतार होता. त्या बोटांनी ब्रेक धरणं शक्यच नव्हतं.

"आप्पा, मला डावीकडची कड दिसत न्हाय," दत्तू म्हणाला. "म्होरं बसून सांगता काय?"

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि पुढच्या सीटवर चढले. डोळे रस्त्यावर. वळण आलं की त्यांचा उजवा पाय समोरच्या नुसत्या पत्र्यावर करकचून दाबला जायचा. आणि तो पाय दाबला की दत्तू ब्रेक मारायचा. मी मागच्याच सीटवर होते, मला दोघांचेही पाय दिसत होते. गरज असो नसो, दत्तू एकदाही चुकला नाही.

खाली सरळ डांबरी रस्ता लागला, तरी गाडी थांबत थांबतच चालली होती.

"अरं दत्तू," मालूकाकी वैतागल्या, "ब्रेक कशाला मारालाईस सारखा? पोटातलं पाणी हाललं माझं!"

"रस्ता लई खराब हाय, काकी," दत्तू म्हणाला.