एकट्या मावशीची दहा माणसं

वेबसाइटवरचे फॉर्म बनवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. सोळा वर्षं तेच करतोय! त्यामुळे सासऱ्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला कोण कोण येणार, हे विचारायला बायको फोन घेऊन बसली तेव्हा मला हसूच आलं.

"अठ्ठावीस घरांना फोन करत बसणार? मी फॉर्म करतो. मोठी माणसं किती, लहान किती, एवढंच भरायचं. बेरीज आपोआप!"

"चुकणार नाही ना?"

"चुकणार? माझा फॉर्म?"

अर्ध्या तासात फॉर्म सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. पाचव्या मिनिटाला बायकोच्या मावशीचा फोन!

"जावईबापू, बटण दाबून दाबून बोट दुखलं. ढिम्म हलत नाही."

"मावशी, नीट दाबा."

"आता काय कोपराने दाबू?"

मी तपासलं. पडद्यावर लालभडक एरर: या नावाचं फंक्शनच नाही! अरे, नाही कसं? बेरीज करून माहिती पाठवणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, मी स्वतः लिहिलं होतं. फक्त त्याच्या नावातला इंग्रजी एस एका जागी मोठा पडला होता आणि बटणापाशी लहान. एवढ्यावरून रुसायचं? आमचे साहेब मला तीन वर्षं भलत्याच नावाने हाक मारतात, मी देतोच ना ओ?

एस सुधारला. धडाधड माहिती यायला लागली.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. हॉल आणि खुर्च्या त्याच्याकडे होत्या.

"दाजी, एकूण माणसांच्या रकान्याची बेरीज केली. पाचशे चाळीस! हॉल शंभराचा आहे हो!"

मी रकाना उघडला. एकवीस, बावीस, वीस, एकतीस... आणि एकट्या राहणाऱ्या मावशीपुढे चक्क दहा! माझ्या अंगाची लाही लाही झाली. बायको बाहेर गेली होती, म्हणजे अडवायला कुणी नव्हतं. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं:

'निमंत्रण दिलं म्हणजे अख्खी गल्ली गोळा करून आणायची नसते. मावशी, तुम्ही दहा माणसं नेमकी कुठून आणताय?'

पाठवल्यावर फार बरं वाटलं. साधारण चार मिनिटं.

मग बायकोच्या थोरल्या काकांनी ग्रुप सोडला. तीन घरांनी 'आम्ही येत नाही' असं कळवलं. आणि मावशीचा फोन आला. आवाज रडवेला.

"अहो, मी एकटी बाई! मोठे एक, लहान शून्य, असं भरलं मी. माझी दहा माणसं असती तर अजून काय हवं होतं?"

एक. शून्य. दहा!

फॉर्ममध्ये भरलेला आकडा फंक्शनच्या लेखी नुसतं अक्षर असतो. 'याला आकडा समज' असं बजावावं लागतं. मी बजावलं नव्हतं. बेरजेचं चिन्ह असूनही त्याने बेरीज न करता अक्षरं शेजारी शेजारी चिकटवली. दोन आणि एक, एकवीस! आणि लाल एरर? नाव नाही! एक एस चुकला तर बोंबाबोंब, आणि माणसं सातपट झाली तर तोंडात मिठाची गुळणी!

बायको घरी आली. ग्रुप तिने दारातच, चपला न काढता वाचला.

"हे काय लिहिलंयस?"

"मी नाही गं, ते बेरजेचं चिन्ह..."

"फोन उचल. सगळ्यांना. मावशीला आधी!"

मावशीची माफी मागताना माझाच आवाज रडवेला झाला. तीच म्हणाली, "असू दे हो." थोरले काका मात्र सहजासहजी सोडणाऱ्यातले नव्हते.

"म्हणजे जावईबापू, तुम्हाला बेरीज येत नाही, असंच ना?"

"मला येते हो काका, त्याला..."

"असंच ना?"

"हो काका."

वाढदिवसाला बहात्तर माणसं आली. मावशी तर पहिल्या रांगेत. सासरे इतके खुशीत की माझ्या खांद्यावर हात टाकून ते मला एकेका पाहुण्याकडे घेऊन गेले.

"हे आमचे जावई. कॉम्प्युटरमध्ये आहेत," ते प्रत्येकाला सांगत होते. "पण मनाने चांगले आहेत हो!"