समुद्र काय वाकडं करणार!

"समुद्र माझं काय वाकडं करणार!" देयानिराने आरशापुढे जाहीर करून टाकलं. काल रात्री आपल्याच पार्लरचं शटर ओढून केस सरळ करायचं केराटिन लावलेलं, वर इस्त्रीचा चटका! केस असे सरळ की माशी बसली तर घसरून पडेल. तीन दिवस पाणी नको, खारं तर मुळीच नको, असं बाटलीवर बजावलेलं होतं. पण पाण्यात डोकं घालतंय कोण? बोका चिकाच्या किनाऱ्यावर बायका गळ्यापर्यंतच भिजतात!

शटर ओढायचं कारण म्हणजे लग्नात मारलेली एक थाप. सासूबाई एर्मिन्दा यांना सून हवी होती 'चांगल्या केसांची'. चांगले म्हणजे सरळ. कुरळे ते 'वाईट', मग डोक्याच्या आत काहीही असो! देयानिराने ठोकून दिलं, "माझे जन्मापासूनच असे. आजी स्पेनची ना!" झालं, सासूबाई खूश. नवऱ्याने, विल्फ्रेदोने, आजवर बायकोचे ओले केस पाहिले नव्हते. तो बिचारा टकला, या भानगडीत पडायचाच नाही.

सासूबाईंचे स्वतःचे केस रुपेरी आणि सुतासारखे सरळ. सुनेचं पार्लर गल्लीत असताना या बाई दर शनिवारी राजधानीत जाऊन केस 'नुसते विंचरून' यायच्या! आणि पोटची पोर नूरिस? तिच्या डोक्यावर कुरळ्यांचं रान. "बापावर गेली!" हे वाक्य नूरिसला रोज जेवणाबरोबर वाढलं जायचं. बाप कधीच वर गेलेला, तो काय बोलणार!

तर सासूबाईंचा वाढदिवस. स्पॅगेटीचा हंडा घेऊन सगळे समुद्रावर. सासू-सून पाण्यात उभ्या, माना बगळ्यासारख्या वर. नूरिस डुबक्या मारून मारून वर येतेय, कुरळ्यांतून पाणी निथळतंय.

"वहिनी, मार की एक डुबकी! जन्माचे सरळ ना?"

"सर्दी होते गं मला."

"लग्नापासून एकच सर्दी?"

"छळू नकोस तिला!" सासूबाई कडाडल्या. "सगळेच काही तुझ्यासारखे बापावर जात नाहीत!"

स्वतःच्याच विनोदावर त्या खो खो हसल्या. एवढ्या हसल्या की नवीकोरी कवळी तोंडातून निसटली ती थेट पाण्यात. डुबुक!

"फाफ! फाफ!" सासूबाई ओरडायला लागल्या.

"आईचे दात!" विल्फ्रेदो काठावरून किंचाळला. "काढ गं, काढ!"

कवळी नेमकी देयानिराच्या पायाखाली. चावलीच म्हणा ना! पाय उचलला तर वाळूत गडप. वाकावं, तर डोकं पाण्यात. आता जन्माची अब्रू वाचवायची की सासूचे दात? तिने सासूकडे पाहिलं. तोंडाचं बोळकं, डोळ्यांत पाणी, केक अजून कापायचाय! नाक दाबलं आणि मारली बुडी.

वर आली ती कवळी उंचावून. पण टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. मुळाशी केस स्प्रिंगसारखे टणाटण गुंडाळले जात होते आणि टोकं झाडूच्या काड्यांसारखी उभी होती.

विल्फ्रेदो धावत पाण्यात आला. "बाई," त्याने तिलाच विचारलं, "माझी बायको दिसली का हो इथे? लांब, सरळ केस..."

"मीच आहे रे मेल्या!"

सासूबाईंनी कवळी खेचून घेतली, बसवली आणि तोंडाचा पट्टा सोडला. "थापाडी! स्पेनची आजी म्हणे! माझ्या घरात या असल्या डोक्याची..."

देयानिराला भर समुद्रात रडू फुटलं. तेवढ्यात एक मोटरबोट जवळून गेली आणि तिची लाट आली. या खेपेला सासूबाई सावध! दोन्ही हात तोंडावर घट्ट. कवळी वाचली, लाट मात्र डोक्यावरून गेली.

त्या खोकत खोकत उभ्या राहिल्या. रुपेरी केसांचं एक वेटोळं कानामागून उठलं, मग दुसरं कपाळावर. बघता बघता सगळं डोकं नूरिससारखंच! फक्त पांढरं.

देयानिराचं रडणं जागच्या जागी थांबलं. नूरिस मात्र हसली नाही. ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"आई, मी बापावर गेले ना गं?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग निमूटपणे कवळी काढून मुठीत धरली.

"फाफ," त्या म्हणाल्या.