दोन राजकन्यांचा एकच शुक्रवार

“तारीख म्हणजे बाकावरची जागा, मालक! जो आधी रुमाल टाकेल, त्याची!” जाहिरातराव छाती पुढे काढून म्हणाले आणि शाळेच्या सुट्टीतला पहिला शुक्रवार जाहीर करून मोकळे झाले.

त्यांचं काम सिनेमाच्या प्रसिद्धीचं. हे नाव त्यांना ऑफिसात मिळालं आणि तिथून थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलं. यंदाचा सिनेमा होता एका जुन्या परीकथेवर. राजकन्येच्या केसांत चिमणी घरटं बांधते. पिल्लांना पंख फुटेपर्यंत राजकन्या जागची हलत नाही. मानेला रग लागते, मांडीवर पिसं साचतात, पण ती श्वाससुद्धा चिमणीच्या बेतानं घेते. जाहिरातरावांनी ओळीही लिहिल्या होत्या:

केसांत खोपा, खोप्यात पिलू,
पिलू उडेतो नको गं हलू!

पोस्टर लागलं. दुसऱ्या दिवशी बरोबर समोरच्या भिंतीवर दुसरं पोस्टर! तीच कथा, तीच चिमणी, तोच शुक्रवार! फक्त ही राजकन्या मोठी होती, उभी होती, हातात तलवार होती आणि मागे एवढा धूर, जणू कुणी आख्खं जंगल फोडणीला टाकलंय!

मालकांनी घाम पुसला. “राव, त्यांचा सिनेमा दांडगा. एकाच दिवशी आलो तर आपला पाचोळा होईल. आणि नोकरीवरून पहिलं पान तुमचं उडेल! सरकू या का आठवडाभर?”

“छे! तेच सरकतील. मी आतली बातमी काढतो!”

आतली बातमी फार लांब नव्हती. समोरच्या स्टुडिओचा प्रसिद्धीप्रमुख म्हणजे जाहिरातरावांचा सख्खा साडू. दोघं एकमेकांशी धंद्याचा चकार शब्द बोलत नसत. पण त्यांच्या बायका, म्हणजे दोघी बहिणी, रोज दुपारी फोनवर तासभर बोलत.

“जरा ताईला विचार ना, ते तारीख बदलतायत का? सहज विचारल्यासारखं हं!”

संध्याकाळी बायको भेंडी चिरता चिरता म्हणाली, “बदलतायत. आठवडाभर पुढे. पण अगदी शेवटच्या क्षणी सांगणार आहेत.”

जाहिरातराव रात्रभर गाढ झोपले. मालक रोज विचारत, “सरकले का?” हे रोज सांगत, “सरकतीलच!” चार दिवस उरले तरी समोरची तलवार भिंतीवर तशीच.

शेवटी छापखान्यात साडूच समोर उभा! काखेत पोस्टरांची गुंडाळी. तारीख तीच!

“साडूभाऊ, तुम्ही सरकणार होतात ना?”

“आम्ही? सरकणार तर तुम्ही होतात! घरात पक्की बातमी होती!”

“माझ्याही घरात पक्कीच होती!”

दोघांचे चेहरे असे, जणू एकाच खड्ड्यात दोन छत्र्या घेऊन उतरलेत. आता उपाय नव्हता. तिकिटं विकायला सुरुवात झाली होती.

शुक्रवारी सकाळी जाहिरातराव खिशात राजीनामा घेऊन दोन्ही सिनेमे लागलेल्या थिएटरातल्या खांबाआड उभे राहिले. खिडकीपाशी ही रांग! एक बाई दोन मुली सांभाळत ओरडत होती, “अहो, आधी बसलेली राजकन्या द्या तीन, मग दुपारची उभी राहिलेली तीन!”

“दोन्ही?” तिकीटवाला म्हणाला.

“मग? पहिल्या भागात बसते, दुसऱ्यात उठते. समोरासमोर लावलंय की भिंतीवर! अर्धीच गोष्ट बघून घरी जायचं का?”

आख्ख्या गावानं तीच समजूत करून घेतली होती! दुपारपर्यंत दोन्ही सिनेमांवर पाटी लागली, हाऊसफुल्ल. जाहिरातरावांच्या छातीतून असा उसासा सुटला, की पुढच्या माणसाची टोपी हलली.

मालकांनी मिठीच मारली. “एका गोष्टीचे दोन तुकडे करून समोरासमोर लावायचे! डोकं आहे, राव!”

जाहिरातराव विनयानं जमिनीकडे बघत राहिले. खिशातला कागद त्यांनी आतल्या आत चुरगाळला.

घरी आल्यावर मात्र त्यांनी बायकोला गाठलं. “ते सरकणार असं तुला खरंच ताई म्हणाली?”

“नाही. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, तुम्हा दोघांना तसं सांगायचं.”

“का?”

“अहो, सिनेमा लागेपर्यंत तुम्ही हाती लागत नाही. वेगवेगळ्या आठवड्यांत लागले असते, तर दोघं एकदम मोकळे कधी झाला असता? आईचं घर बदलायचंय. कपाट तीन मजले उतरवायला दोन जावई लागतात!”

रविवारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं. खाली साडू, वर जाहिरातराव, आणि कठड्यावरून वाकलेल्या सासूबाई.

“सावकाश, जावईबापू! आरसा आहे त्याला. आणि घाई नको, वर आतल्या खोलीत याची जोडीही आहे!”

नोकरी शाबूत होती. कमरेचं मात्र सोमवारीच कळणार होतं.