लखीरामचा धम

लखीराम नऊ वर्षं मंगरूळपीरच्या एका बॅन्डमध्ये ढोल वाजवत होता आणि या नऊ वर्षांत त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. ढोलवाला सगळ्यात मागे. त्याचं काम एकच, पावलागणिक एक धम. पुढे तुऱ्याची टोपी घालून मास्तर जानराव क्लॅरनेट वाजवत चालायचे आणि वाहवा व्हायची ती त्यांची.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात कैलासचंद शेटजींच्या मुलाची वरात किन्हीराजाला जायची ठरली आणि लखीरामची झोप उडाली. किन्हीराजा ही त्याची सासुरवाडी. जावयाशिवाय तो बॅन्ड हलत नाही, असं सासू सोजरबाईने गावभर सांगून ठेवलं होतं.

"मास्तर, सासूच्या दारावरून जाईलोक क्लॅरनेट माह्याकडं द्या," तो म्हणाला. "एक गानं येते मले. नाई तं वरातीच्या दिवशी माहं पोट दुखते."

"मंग ढोल कोन वाजवन?"

"तुमी. त्यात काय हाये? नुसतं धम धम."

जानरावांना ते पटलं. नऊ वर्षं त्यांचंही तेच मत होतं. दोघांनी टोप्या बदलल्या. जानरावांचं डोकं मोठं, त्यामुळे तुऱ्याची टोपी लखीरामच्या नाकापर्यंत उतरली.

किन्हीराजाच्या वेशीतून वरात निघाली. लखीरामने गाल फुगवले आणि गाणं थोडंफार ओळखू येईल इतपत वाजवलं. तेवढं खपूनही गेलं असतं. पण जानराव पडले कलावंत. त्यांना एक धम पुरेना. दोन धमांच्या मध्ये ते तिसरा घालू लागले, चौथा गाळू लागले. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले, झांजवाला वाजवायचं सोडून आभाळाकडे पाहू लागला आणि नवरदेवाचं घोडं उभं राहिलं. ते नेहमी याच बॅन्डबरोबर यायचं. दर धमाला एक पाऊल, एवढंच त्याचं शिक्षण झालं होतं.

उभं राहिलं तेही नेमकं सोजरबाईच्या दारासमोर.

घोडेवाल्याने लगाम ओढला. नवरदेवाच्या मामाने मागून रेटलं. कुणीतरी गूळ आणला. घोड्याने गूळ खाल्ला आणि ते तिथंच राहिलं.

"काहून थांबून राह्यले?" कैलासचंद घड्याळ दाखवत म्हणाले. "गोरजाचा मुहूर्त चालला ना."

"घोडं अडलं, शेटजी," जानराव म्हणाले.

"घोडं नाई, ढोल अडला," घोडेवाला म्हणाला. "याले लखीरामचा धम पायजे."

लखीरामला रडूच यायचं बाकी होतं. सासूच्या दारात पुढून मागे जायचं म्हणजे नाक कापून घेणंच. पण मुहूर्त टळला तर ते पाप कुणाच्या माथी? तो गर्दीतून मागे गेला, घोड्याआड टोपी बदलली, ढोल गळ्यात अडकवला आणि खाली मान घालून एक धम दिला. घोड्याने एक पाऊल टाकलं.

लग्न वेळेवर लागलं. जेवणं झाल्यावर लखीराम चोरासारखा सासूच्या पाया पडायला गेला.

"या, जवाईबापू," सोजरबाई म्हणाली. "तुमी ढोल धरला अन् घोडं चाललं. सारा गाव पाहून राह्यला व्हता. मी म्हनत नोती काय, तुमच्याबिगर बॅन्ड हालत नाई?"

लखीराम पाया पडला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पन तो पुढचा कोन व्हता, टोपीत बुडालेला? कान किटवले त्यानं. काढून टाका त्याले."

"काढला, मामी," लखीराम म्हणाला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.