ओसरीचा निरोप

सातवण्यात माणसं आपापल्या फोनच्या प्रणालीवर चालतात, आणि द्वारकाबाई बारटक्के ज्या ओसरी नावाच्या प्रणालीवर चालत होत्या, ती त्या दिवशी संध्याकाळी कार्यालय मिटताना कायमची बंद व्हायची होती. नगरपालिकेच्या फळ्यावर, पाणी उशिरा येईल या सूचनेखाली, तसं खडूने लिहिलं होतं. त्यांचा मुलगा हेमंत याने ते वाचलं तेव्हा दुपार कलली होती. तो पळतच घरी गेला.

प्रणाली बंद झाली की तिच्यावरची माणसंही बंद होतात, हे सातवण्यात कुणाला सांगावं लागत नाही. मागे पडवी नावाची प्रणाली बंद झाली तेव्हा शेजारच्या गोदाक्का सुईत दोरा ओवता ओवता थांबल्या. जुना फोन कुणी टाकत नाही, तशा त्या अजून खिडकीशी बसलेल्या आहेत. सून दर सणाला त्यांना नवं लुगडं नेसवते. हातातली सुई मात्र कुणाला काढता आलेली नाही.

हेमंतने आईला रिक्षात बसवलं. सोबत बायको मनीषाही निघाली, आणि रिक्षा वळायच्या आत आईला कुठल्या प्रणालीवर न्यायचं यावरून दोघांची जुंपली.

हेमंत कुंपणवर होता. कुंपण देखणं, शिस्तीचं, बाहेरचं काही आत येऊ न देणारं. पण आतलंही धड बाहेर जात नसे. त्याने दुसऱ्या प्रणालीच्या माणसाला एखादी गंमत सांगितली की ती पलीकडे पोचेपर्यंत बारीक आणि धुरकट होई, आणि ऐकणारा भलत्याच ठिकाणी हसे. गुडघा दुखला तरी गावातल्या डॉक्टरला हात लावायची मुभा नव्हती. कुंपणवाल्यांचा स्वतःचा गुडघेवाला शहरात होता, आणि तो म्हणे की गुडघा दुरुस्त होत नाही, नवा पायच घ्या.

मनीषा अंगणवर होती. अंगणात कुणीही यावं, काहीही मांडावं, आणि ते खिशालाही सोसे. पण बनवणाऱ्याने तिच्यात पहिल्यापासून पत्त्यांचा एक डाव भरून दिला होता. तो काढता येत नसे, म्हणून घरात कितीही घाई असली तरी सकाळी एक डाव खेळावाच लागे. दिवस चढला की तिचं कपाळ तापे. कुणाच्या घरी गेली की त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांची नावं विचारल्याशिवाय तिला चहा घेता येत नसे, त्यामुळे हल्ली कुणी तिला बोलावतही नव्हतं.

"आईंना अंगणवरच न्या," मनीषा म्हणाली. "चार माणसांत तरी राहतील. तुमच्यासारखं आतल्या आत... पंख्यांवर आजच मोठी सूट, आजच या... आतल्या आत कुढायला नको."

"ऐकलंस? आईने जप करताना मध्येच पंखे विकायचे का?"

"मला कुणी विचारणार आहे का?" द्वारकाबाई म्हणाल्या. "माझी ओसरी बरी आहे. बोलता येतं, ऐकू येतं, अंधारात टॉर्च लागतो. आठवडाभर चार्जिंग लागत नाही. आणखी काय करायचंय मला?"

ते खरंच होतं. ओसरीला याहून जास्त काही येत नव्हतं. बनवणाऱ्यांनी केव्हाच हात वर केले होते. त्यानंतर ती जे काही शिकली ते तिच्यावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकून. त्यातल्या एकेकाला मुलांनी दुसरीकडे हलवलं, आणि आता तिच्यावर एकट्या द्वारकाबाई उरल्या होत्या.

प्रणालीबदलाच्या खिडकीवर फडतरेबाई बसल्या होत्या. स्वेटर विणायच्या वयाच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्या स्वतः कुठल्या प्रणालीवर आहेत हे विचारायची पद्धत नव्हती. त्यांच्या मागे भिंतीवर तीन डबे होते, तिन्हींना एकेक हिरवा दिवा आणि खाली एकेक बटण. ओसरीच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावलेली होती.

"किती उशीर केलात, बारटक्के," त्या म्हणाल्या. "शिपाई खिडक्या लावायला लागलाय. कुंपण की अंगण?"

"कुंपण," हेमंत म्हणाला.

"अंगण," मनीषा म्हणाली.

"ते नंतर भांडा. आधी जुनीने सोडायला हवं. तिने सोडल्याशिवाय नवी आत घेत नाही." फडतरेबाईंनी एक बोलायची नळी द्वारकाबाईंपुढे सरकवली. "आजी, यात ओसरीचा निरोप घ्या. झालं."

द्वारकाबाईंनी पदर सावरला, नळीपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "बरं बाई, येते."

भिंतीवरच्या डब्यातून थोडं खरखरलं. मग ओसरीचा आवाज आला. "या. वाट बघते."

हिरवा दिवा तसाच राहिला.

"येते नाही, आजी," फडतरेबाई म्हणाल्या. "येते म्हटलं की ती तुम्हाला परत येणारं माणूस धरते. जाते म्हणा."

"काय?"

"जाते."

द्वारकाबाईंनी नळी बाजूला सारली. "भरल्या घरातनं निघताना असं कुणी म्हणतं का? तुम्हाला घरी कुणी शिकवलं नाही वाटतं."

"आजी, ते यंत्राला सांगायचंय, घराला नाही."

"इतकी वर्षं मी हिच्यावर चालले. हे घर नाही तर काय?"

हेमंत खाली वाकला. आईच्या शब्दांमध्ये आता मधूनच फट पडत होती. ओठ हलत आणि आवाज थोडा मागून येई. ओसरी आतून आवरायला लागली होती. "आई, एक शब्द आहे गं. म्हणून टाक."

"तुझे वडील म्हणाले होते," द्वारकाबाई म्हणाल्या. "दवाखान्यात साधं रक्त तपासायला चालले होते. घाईत होते. चप्पल घालता घालता तोंडातून गेलं, जातो. मी म्हटलं, अहो, येतो म्हणा. ते हसले आणि जिना उतरले." त्या थांबल्या, की शब्दच यायचे राहिले, ते हेमंतला कळेना. "मी नाही म्हणायची."

तो जिना हेमंतच्याही डोळ्यांपुढे होता.

"दुसरा एखादा शब्द चालेल का?" मनीषाने विचारलं.

"नियमात एकच आहे. पण बघा प्रयत्न करून," फडतरेबाई म्हणाल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या.

द्वारकाबाई नळीत म्हणाल्या, "निघते."

"सावकाश निघा. पोचल्यावर कळवा," ओसरी म्हणाली.

"रामराम."

"रामराम. बसा की, चहा टाकते."

"लोभ असावा."

"आहेच. थोरांना नमस्कार सांगा."

दिवा हिरवाच. बाहेर शिपायाने शेवटची खिडकी लावली आणि कडी सरकवल्याचा आवाज झाला. आईला गोदाक्कांसारखं खिडकीशी बसवावं लागलं तर हा विचार हेमंतच्या मनात आला, आणि पाठोपाठ, कुठल्या खिडकीशी, हाही. त्याला स्वतःची शरम वाटली.

"एक वाट आहे," फडतरेबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "माणसाला स्वतःला जमत नसेल तर पोटच्या मुलाने त्याच्या वतीने सांगायचं. तुम्ही नळीत आईंना 'जा' म्हणा. एवढंच. ओसरी सोडेल."

हेमंतने नळी हातात घेतली. समोर आई बसली होती, पिशवी मांडीवर, पिशवीत सकाळची अर्धी राहिलेली शेंगदाण्याची चिक्की. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिची पापणी लवायला नेहमीपेक्षा उशीर लागत होता.

"लवकर करा," मनीषा म्हणाली. तिचं कपाळ लालबुंद झालं होतं. "अहो, लवकर... एकावर एक फुकट, साठा संपेपर्यंतच... अहो, म्हणा ना!" आणि तिला रडू फुटलं.

"आई," हेमंत नळीत म्हणाला, "जा..."

ओसरीचा दिवा फडफडला. फडतरेबाई पुढे झुकल्या. हेमंतला नुसतं गप्प बसायचं होतं. पण आई बाजारात निघताना, देवळात निघताना ज्या जिभेने आयुष्यभर एकच वाक्य म्हटलं होतं, ती अर्ध्यावर थांबेना.

"...ऊन ये," तो म्हणाला.

"जाऊन येते म्हणतायत," ओसरी म्हणाली. "मग थांबते मी."

दिवा स्थिर झाला. द्वारकाबाईंनी हात लांब करून मुलाच्या गालावरून फिरवला. त्या हाताला पोचायला फार वेळ लागला.

कार्यालयाची घंटा झाली. फडतरेबाई उठल्या, चष्मा पुसला आणि बटणावरची लाल चिकटपट्टी नखाने सोडवू लागल्या. हेमंत खिडकीच्या गजांना धरून उभा होता. "बाई, नका," तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

"माझ्या हातात असतं तर केव्हाच," त्या म्हणाल्या. "पण बंद करताना प्रणालीचाही निरोप घ्यावा लागतो. तिच्या तोंडून आल्याशिवाय बटण दाबता येत नाही. मला विचारू द्या." त्यांनी बोट बटणावर ठेवलं आणि नळी ओढून घेतली. "ओसरी, कार्यालय मिटतंय. निरोप दे."

डब्यात खरखर झाली. बराच वेळ नुसती खरखरच होती. द्वारकाबाई समोर बघत बसल्या होत्या. त्यांची पापणी आता लवत नव्हती.

"बरं मंडळी," ओसरी म्हणाली, "येते हं मी."

"या," फडतरेबाई म्हणाल्या.

फडतरेबाईंनी दुसरा हात तोंडावर धरला, पण शब्द केव्हाच बाहेर पडला होता. निघणाऱ्याने येते म्हटलं आणि खिडकीतल्या माणसाने या म्हटलं, म्हणजे व्यवहार पुरा झाला. त्यांनी बटणावरचं बोट उचललं आणि चिकटपट्टी पुन्हा नीट दाबून बसवली.

"काय झालं?" हेमंतने विचारलं.

"येते म्हणालीय," फडतरेबाई म्हणाल्या. "येणाऱ्याला बंद करता येत नाही. परत येईपर्यंत चालू ठेवावं लागेल."

"कधी येईल?"

"ते येणाऱ्याने सांगायचं असतं. आपण विचारू नये."

द्वारकाबाईंची पापणी लवली. मग पुन्हा लवली, वेळेवर. त्यांनी पिशवी उघडून चिक्कीचा तुकडा काढला आणि गजांतून फडतरेबाईंच्या हातावर ठेवला. "थांबायचंय ना तुम्हाला? पोटात काहीतरी असू द्या."

फडतरेबाई चिक्की खात घरी फोन करत होत्या. कुकर लावून घ्या, मला उशीर होईल, एक जण येणार आहे, असं त्या सांगत होत्या. शिपायाने विचारलं की दिवे मालवू का. त्यांनी मानेनेच नको म्हटलं, आणि तो एक खुर्ची आणून त्यांच्याशेजारी बसला.

मनीषाने डोळे पुसले. हेमंतने आईला हात देऊन उठवलं आणि तिघं दाराशी आली. बाहेर रिक्षा उभी होती. हेमंतच्या मनात एक गोष्ट सलत होती आणि ती त्याला या क्षणी कुणाला तरी सांगायची होती, पण मनीषापर्यंत ती धुरकटच पोचली असती, म्हणून तो गप्प राहिला. ओसरी परत आली की मग ती बंद करता येईल, हीच ती गोष्ट.

उंबऱ्यावर द्वारकाबाई थांबल्या. मागे वळून त्यांनी डब्यावरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं.

"सावकाश ये गं बाई," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

मग त्या खिडकीकडे वळल्या. "येते हं."

"या," फडतरेबाई म्हणाल्या, आणि दाराकडे बघत बसल्या.