निर्जळीवाले वेंकूअण्णा

दशमीच्या संध्याकाळी जिन्यावर चपला वाजल्या की माझ्या सासूबाई अंगणातल्या खुर्चीत ताठ बसायच्या आणि जीभ बाहेर काढायच्या. वरच्या मजल्यावरचे वेंकूअण्णा खाली येत, चष्मा कपाळावर चढवून जीभ बघत, मग सासूबाईंच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडत आणि ती किती वेळात जागेवर बसते ते पाहत.

"दुपारपासून पाणी कमी पडलंय, वैनी. आत्ता एक पेला घ्या, जेवणाआधी एक, जेवल्यावर तासाभरानं एक. झोपताना तांब्या तोंडाला लावलात तर ते पाणी उद्या कामाला येणार नाही. रात्री दोनदा मोरीकडे पळवेल, एवढंच."

वेंकूअण्णा डॉक्टर नव्हते. इथल्याच, हुबळीच्या विद्यानगरातल्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांसमोर बेडूक मांडले होते. माणसांकडेही ते साधारण त्याच नजरेनं बघत. पण तहान या विषयातला त्यांचा अधिकार वेगळ्याच वाटेनं आला होता. निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, आणि दिवसाला सगळं मिळून तीन पेले पाणी. चहा, ताक, सार, सगळं त्या तिनांतच.

"तुमची निर्जळी पंधरा दिवसांनी एकदा," ते गल्लीतल्या बायकांना सांगत. "माझी रोज. आणि पुण्य काही नाही, नोड्री."

हे 'नोड्री', म्हणजे कन्नडमधलं 'बघा', ते इतक्या कडवटपणे म्हणत की ऐकणाऱ्याला काहीतरी आपलंच चुकलंय असं वाटे.

आमच्या गल्लीत माध्व घरं बरीच. एकादशीला पाण्याचा थेंब न घेणारी माणसं घरटी एखादं तरी. वेंकूअण्णा या सगळ्यांच्या मागे लागत. दशमीला लोणचं नको, पापड नको, तळण नको. कॉफी दोन दिवस आधीपासून कमी करत आणा, नाहीतर दुपारी डोकं धरून बसाल आणि दोष देवाला द्याल. धुणी आदल्या दिवशी उरका. बाराच्या पुढे उन्हात जाऊ नका. स्कूटर चालवू नका. कमी बोला, बोलण्यानं घसा सुकतो. द्वादशीला उपास सोडताना आधी घोट-घोट पाणी, मग पातळ पेज, आणि डोशांकडे नऊच्या आधी बघायचंसुद्धा नाही. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधार आला, तर उपास तिथंच संपला असं समजायचं.

"आणि ब्लडप्रेशरच्या गोळीचं काय?" सासूबाई विचारत.

"ते मला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. ते निर्जळी नको म्हणाले तर नको. शरीराला एकादशी कळत नाही, वैनी."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. देवळाच्या समितीनं वर्षभर निर्जळी करणाऱ्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा वेंकूअण्णा अर्ज घेऊन हजर. आपलंही नाव यादीत घाला म्हणाले. अध्यक्ष हसले. "अण्णा, तुमचं उद्यापन कधी?"

"डॉक्टरांना विचारून कळवतो," वेंकूअण्णा म्हणाले. त्यानंतर तिथं कुणी हसलं नाही.

गल्ली त्यांना टाळायची. मीही टाळायची, खोटं कशाला बोलू. ऑफिसातून दमून यावं आणि अंगणात हे उभे, दोन घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात पेल्यांचा हिशेब सांगत. सासूबाईंना काही कमी ऐकू येत नव्हतं. एकदा मी चिडून म्हटलंच, "अण्णा, त्या समोरच बसल्यात की. एवढं ओरडता कशाला?"

त्यांनी नुसतं वर बघितलं. वरच्या गॅलरीत त्यांच्या पत्नी, कमलाक्का, वाळलेले कपडे काढत होत्या. फार सावकाश काढत होत्या.

मग मला उलगडा झाला. डायलिसिस सुरू झालं त्याच महिन्यात कमलाक्कांनी संकल्प केला होता: तीन वर्षं, प्रत्येक एकादशी निर्जळी, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. मूल नाही, दुसरं कुणी नाही. वेंकूअण्णांनी पहिल्या दिवशी विरोध केला. कमलाक्का म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा, माझ्या देवाच्या मधे येऊ नका." घरात तो विषय बंद झाला. म्हणून मग हा माणूस महिन्यातून दोनदा जिना उतरून आमच्या अंगणात उभा राहायचा आणि आपल्या बायकोला जे सांगायचं ते माझ्या सासूला सांगायचा. कमलाक्काही बिलंदर. ऐकायच्या सगळं. दशमीला त्यांच्या घरी बिनतळणाचा स्वयंपाक असे, हे मला वासावरून कळायचं.

गेल्या वैशाखातली गोष्ट. हुबळीचं ऊन असं की गॅलरीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. एकादशी होती. दुपारी तीनच्या सुमारास वरून हाक आली, "वैदेही, जरा वर ये."

त्या दिवशी त्यांचा आवाज मोठा नव्हता. मी पळतच वर गेले.

कमलाक्का स्वयंपाकघराच्या दाराशी आडव्या पडल्या होत्या. वेंकूअण्णा सकाळीच डायलिसिसहून आलेले; त्यांच्यात कमलाक्कांना उचलायचं त्राण नव्हतं. जमिनीवर बसून त्यांनी बायकोचे पाय आपल्या मांडीवर घेतले होते. मी डोक्याखाली उशी सरकवली, ओला पंचा कपाळावर ठेवला. थोड्या वेळानं कमलाक्कांनी डोळे उघडले. कुठं आहोत ते त्यांना कळत नव्हतं. पण शब्द स्पष्ट होते.

"पाणी द्या हो."

वेंकूअण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी पेला भरून आणला. त्यांनी चमच्यानं पहिला घोट दिला, गळ्याकडे बघत थांबले, मग दुसरा दिला.

"अजून," कमलाक्का म्हणाल्या. त्यांनी अर्धा पेला संपवला.

मी रिक्षा आणली. देशपांडे नगरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, दोन तासांनी घरी सोडलं. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी कमलाक्कांना नीट भान आलं.

"मला पाणी कुणी दिलं?"

"मी," वेंकूअण्णा म्हणाले.

"मी मागितलं होतं?"

एका पेल्याची चूक न करणारा हा माणूस. मला वाटलं, आता हे वेळेसकट सांगतील.

"तू कशाला मागशील? तुला शुद्ध कुठं होती. मी जबरदस्तीनं पाजलं."

कमलाक्कांनी तोंड भिंतीकडे केलं. "चारच राहिल्या होत्या," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. बिनमिठाचं जेवण वेळेवर व्हायचं, दवाखान्याची पिशवी भरलेली असायची, पण शब्द नाही. मी वर गेले की मला सांगायच्या, "वैदेही, त्यांना म्हणावं पान वाढलंय." ते समोरच बसलेले असायचे. तेही मलाच सांगायचे, "आलो म्हणावं."

मी एकदा त्यांना जिन्यात गाठलं. "अण्णा, खोटं का बोललात? त्यांनीच मागितलं होतं. मी सांगू का?"

"नको," ते म्हणाले. कठड्याला धरून दोन पायऱ्यांवर थांबत थांबत बोलले. "माझ्यावर रागावलीय तोवर जेवतेय, झोपतेय. आपणच मागितलं हे कळलं, आणि उद्या मला काही झालं, तर ती काय करून घेईल? माझ्यावर राग धरायची तिला सवय आहे. तू मधे पडू नकोस. साकु." पुरे, म्हणजे.

दशमीला ते खाली येईनासे झाले. सासूबाई दोन-तीनदा उगीचच जिन्याकडे बघून बसल्या.

श्रावणात, डायलिसिसच्या खाटेवरच ते गेले. त्या सकाळी ते निघाले तेव्हा मी फाटकाशी होते. कमलाक्का गॅलरीतून मला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं छत्री घ्या." त्यांनी छत्री घेतली.

दिवस झाले, पाहुणे गेले. एका दुपारी मी वर गेले तेव्हा कमलाक्का सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मान खाली ठेवूनच म्हणाल्या,

"चार एकादश्या झाल्या असत्या तर राहिले असते ते. त्यांनीच मोडलं माझं." सूप बाजूला ठेवलं. "तू होतीस ना गं तिथं? खरं सांग. मी मागितलं होतं का पाणी?"

"नाही, अक्का," मी म्हटलं. "अण्णांनीच पाजलं. मी नको म्हणत होते तरी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली.

"तेच. माझं कधी ऐकलंय त्यांनी?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळातले खडे शोधायला लागल्या.